बाईंच्या खुर्चीवरचा सबवूफर

जावईबापूंनी जेवणाच्या टेबलावर सबवूफरचा, म्हणजे नुसता खर्ज वाजवणाऱ्या स्पीकरच्या पेटीचा, विषय काढला, तेव्हा बाईंनी गंभीरपणे मान हलवली आणि घराने तो होकार समजून आनंद व्यक्त केला. प्रत्यक्षात जावईबापू काय म्हणाले, यातले एक अक्षरही बाईंपर्यंत पोहोचले नव्हते. बोलणे संपवून तिन्ही माणसे आपल्या तोंडाकडे पाहत आहेत, एवढेच त्यांना दिसले. आणि अशा प्रसंगी एकदाच, सावकाश मान हलवायची, हे त्यांचे गेल्या दोन वर्षांचे धोरण होते.

बाई म्हणजे एका मोठ्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. सव्वीस वर्षे त्यांनी नऊशे मुलांना शिट्टी न वाजवता रांगेत उभे केले होते. घरात जमीनमोजणीच्या खात्यात काम करणारा मुलगा होता, ग्रंथालयात नोकरी करणारी सून होती, आणि दोन गल्ल्या पलीकडे राहणारे जावईबापू लेकीची रुग्णालयात कामाची पाळी असली की जेवायला इकडेच येत. बाईंच्या लेखी हे घर म्हणजे शाळेचीच एक लहान शाखा होती.

दोन वर्षांपूर्वी बाईंच्या कानांनी राजीनामा द्यायला सुरुवात केली. आधी पाखरे गेली. मग दारावरची घंटा गेली, फोन गेला, माणसांच्या बोलण्यातले बारीक वर्ण गळून पडले आणि शेवटी बोलणे म्हणजे भिंतीपलीकडची गुणगुण होऊन बसले. इमारतीचे वरचे मजले एकेक करून कुलूपबंद व्हावेत आणि तळमजल्यावर तेवढा दिवा राहावा, तशी अवस्था. लिफ्ट, रस्त्यावरचा ट्रक, जिन्यातली पावले असे जाडेभरडे आवाज अजून येत. थोडे कानांनी, बरेचसे तळपायांनी.

ही गोष्ट कुणालाही कळता कामा नये, असा बाईंचा निश्चय होता, आणि त्याला कारण होते. त्या नवख्या शिक्षिका असताना शाळेचे तेव्हाचे मुख्याध्यापक बहिरे झाले होते. शिक्षकांच्या खोलीत त्यांच्यासमोर, हसऱ्या चेहऱ्याने, त्यांच्याविषयी वाटेल ते बोलले जाई आणि ते प्रेमाने मान हलवत. वर्षभरात शाळा त्यांचा कारकून चालवू लागला. त्या खोलीतल्या हसण्यात बाईंचाही आवाज होता, आणि ते आठवले की आजही त्यांची मान खाली जाई. बहिऱ्या माणसाला लोक आधी ओरडून सांगतात, मग थोडक्यात सांगतात, आणि मग सांगतच नाहीत. बाईंना ते तिसरे नको होते.

म्हणून त्या कुणाला प्रश्न विचारू देत नसत. स्वतःच विचारत, आणि उत्तर काय येणार हे ठाऊक असेल असेच विचारत. समोरच्याच्या ओठांवर नजर रोखून धरत. त्या नजरेचा दरारा पिढ्यान्‌पिढ्यांचा असल्यामुळे तिचे कुणाला नवल वाटत नसे.

घरात कोणतीही वस्तू बाईंच्या नजरेखालून गेल्याशिवाय येत नसे. त्यामुळे शनिवारी सकाळी चौघांची वरात दुकानात पोहोचली. दुकानदाराने त्यांना मागच्या एका बंद खोलीत नेले. तिथे दोन काळ्या पेट्या होत्या. एक लहानशा फ्रीजएवढी, समोर हवेसाठी गोल भोक असलेली; दुसरी गुडघ्याएवढी, सर्व बाजूंनी बंद.

जावईबापूंचे औषधांचे दुकान होते. गेले चार महिने ते काउंटरमागे बसून ध्वनिशास्त्राचे व्हिडिओ पाहत होते, आणि खोकल्याचे औषध मागायला आलेल्या माणसालाही खर्जाचे महत्त्व पटवूनच सोडत होते.

"आई, ही बघा! पंधरा इंची. ही लावली की भिंती हलतात, भिंती!"

"भाऊजी, भिंतींचा हप्ता फिटायचाय अजून," सूनबाई म्हणाली. "हलवायची घाई नको."

दुकानदाराने कळ दाबली.

बाईंच्या चपलांच्या तळव्यांतून काहीतरी वर चढले. पोटऱ्यांतून गुडघ्यांत, गुडघ्यांतून पाठीच्या कण्यात, तिथून बरगड्यांत; रुंद, सावकाश, घाई नसलेले. बाईंनी समोरच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. हा गोंगाट नव्हता. त्याला सुरुवात होती, मध्य होता, श्वास होता. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्याशी, न ओरडता, एक पूर्ण वाक्य बोलत होते.

दुसरी पेटी वाजली. बाईंनी डोळे बारीक केले. मग पुन्हा पहिली, पुन्हा दुसरी.

"लहान घ्या," त्या म्हणाल्या.

जावईबापूंचा चेहरा पडला. "अहो आई, पण मोठीचा दणका तर बघा..."

"मोठी बोलून झाल्यावरही गुरगुरत राहते. प्रत्येक वर्गात असा एक मुलगा असतो. त्याचं बोलणं संपतं, पण आवाज संपत नाही. लहान पेटी मुद्द्याचं बोलते आणि गप्प बसते."

दुकानदाराच्या हातातले फडके खाली पडले. "बाई," तो हळूच म्हणाला, "हा फरक ओळखायला मला सहा वर्षं लागली."

मुलाची छाती फुगली. जावईबापूंना मात्र ते लागले. आजवर या घराचे कान तेच होते.

रविवारी सकाळी दहा वाजता ते बोटभर जाडीची वही, तारांची वेटोळी आणि तीन पायांवर उभा राहणारा इवलासा मायक्रोफोन घेऊन हजर झाले. टीव्हीच्या पडद्याशेजारी एका कोपऱ्यात, स्पीकर आणि त्यांना चालवणारे यंत्र होते तिथे, सबवूफरची स्थापना झाली. मग जावईबापूंनी मायक्रोफोन उचलून बैठकीच्या खोलीतल्या उंच पाठीच्या खुर्चीवर ठेवला. ती बाईंची खुर्ची. तिच्यावर दुसरे कुणी बसत नसे. पाहुणेसुद्धा तिच्याकडे पाहून आपोआप सोफ्याकडे वळत.

"मुख्य श्रोता जिथे बसतो, तिथे हा ठेवायचा," जावईबापूंनी खुलासा केला. मग बाईंकडे पाठ करून, तारा जोडत जोडत, ते पुढे म्हणाले, "आता यंत्र स्वतः खोली मोजणार. सगळ्यांनी एकदम चिडीचूप. टाचणी पडली तरी यंत्र बिघडतं."

ही सूचना जावईबापूंच्या पाठीतून बाईंना वाचता आली नाही. यंत्राने एकेका स्पीकरमधून शिट्ट्यांसारखे चढते सूर सोडायला सुरुवात केली, तेही त्यांना कळले नाही. त्यांना दिसले ते एवढेच, की तिघे धडधाकट लोक पुतळ्यासारखे उभे आहेत. आणि पुतळ्यासारखी उभी माणसे म्हणजे आदेशाची वाट पाहणारी माणसे, हा त्यांचा सव्वीस वर्षांचा अनुभव होता.

"उभे काय राहिलात सगळे?" त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "पंख्याची पाती पुसली का कुणी?"

पडद्यावर लाल अक्षरे उमटली. खोलीत फार आवाज आहे, पुन्हा मोजा.

जावईबापूंनी दीर्घ श्वास घेऊन पुन्हा सुरुवात केली. यंत्र शेवटच्या स्पीकरपर्यंत आले होते.

"सूनबाई, दुधाखालचा गॅस बंद केलास ना?"

पुन्हा लाल अक्षरे. जावईबापू गर्रकन वळले. "आई! अहो, ऐकू येत नाही का तुम्हाला? यंत्र बोलतंय ना!"

सकाळपासून जावईबापूंनी उच्चारलेल्या हजारो शब्दांपैकी नेमके हेच बाईंनी त्यांच्या ओठांवरून अगदी स्पष्ट वाचले होते. चेहऱ्यावर मात्र त्याची एक रेघही आली नाही.

"यंत्र बोलत असताना मी गप्प बसायचं," त्या शांतपणे म्हणाल्या, "हा नियम या घरात कुणी केला?"

"नाही, म्हणजे... कुणी नाही. तुम्ही केलात तर होईल."

"किती वेळ लागतो त्याला?"

"दीड मिनिट."

"दोन मिनिटं देते."

तिसऱ्यांदा यंत्राने खोली मोजली आणि आपला निकाल पडद्यावर जाहीर केला. डावा स्पीकर, तीन मीटर. उजवा स्पीकर, तीन मीटर. सबवूफर, अकरा मीटर.

"अकरा?" मुलगा उभाच राहिला. "खोली पाच बाय चार आहे! अकरा मीटरवर समोरच्यांची गच्ची येते."

"यंत्राचा आकडा बदलू नये म्हणतात," जावईबापू चाचरत म्हणाले. "का बदलू नये, ते व्हिडिओच्या पुढच्या भागात होतं. मी तो पाहिला नाही."

"भाऊजी, बावीस वर्षं जमिनी मोजतोय मी. माझ्या मोजणीवर भावाभावांची भांडणं मिटलीत. आणि ही पेटी मला अंतर शिकवणार?"

त्याने खात्याची पोलादी टेप काढली. सूनबाईला एका टोकाला धरायला लावून, टेपला झोळ पडू न देता, पेटी ते खुर्ची हे अंतर दोनदा मोजले, दोन्ही आकड्यांची सरासरी काढली आणि यंत्रात तीन मीटर दहा सेंटीमीटर अशी दुरुस्ती केली. यंत्राने निमूटपणे ती स्वीकारली.

मग समुद्रातल्या वादळाचा एक माहितीपट लावण्यात आला. बाई आपल्या खुर्चीवर बसल्या. त्यांनी दोन्ही पावले जमिनीवर नीट टेकवली. काल रात्रीपासून त्या याच क्षणाची वाट पाहत होत्या; पण हे त्यांनी स्वतःलाही कबूल केलेले नव्हते.

पडद्यावर लाटा उसळल्या. "वा!" मुलगा म्हणाला. "क्या बात है!" जावईबापू म्हणाले.

बाईंच्या पायांखालची फरशी मेल्यासारखी पडून होती. दुकानात जे भेटले होते, ते इथे नव्हते.

बाईंनी हातांच्या मुठी वळल्या. आता दोनच वाटा होत्या. गप्प राहिले, तर त्यांच्यासाठी जगात उरलेला तो एकमेव मोठा आवाज घरात येऊनही कायमचा परका राहणार. बोलावे, तर जे वाक्य गेली दोन वर्षे त्यांनी जिभेवर येऊ दिले नव्हते तेच म्हणावे लागणार. आणि बाकीच्यांना आवाज व्यवस्थित येत असला, तर आज या खोलीत सगळे उघडे पडणार. लाटा फुटत राहिल्या. बाईंनी वाक्याची रचना दोनदा तपासली आणि त्यातून स्वतःला वगळले.

"खर्ज या खुर्चीवर येत नाही," त्या म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. "असं कसं आई?" मुलगा म्हणाला. "इथे तर दणाणतंय."

"मी इथल्याविषयी बोलत नाही. या खुर्चीविषयी बोलते आहे. जावईबापू, बसून बघा."

जावईबापूंना खुर्चीवर बसण्याची ही पहिलीच परवानगी होती. ते टोकावर टेकले, आणि त्यांचे डोळे विस्फारले. "अरेच्चा! खरंच की! गायब!" ते उठून दोन पावले दाराकडे गेले. "इथे आहे!" एक पाऊल मागे आले. "इथे नाही!"

पुढची दहा मिनिटे त्या घरात विलक्षण होती. ज्या खोलीत ही माणसे वर्षानुवर्षे राहिली, तिच्या हवेत डोंगर आणि दऱ्या आहेत, हे त्यांना आज कळत होते. टेबलाजवळ वादळ छातीवर आदळत होते, आणि तिथून हातभर अंतरावर जणू समुद्रच आटला होता. मुलगा आलेखाचा कागद घेऊन, उंचसखल जमिनीचा नकाशा काढावा तशा आवाजाच्या रेषा काढू लागला. सूनबाई एकाच जागी उभी राहून हळूच मान डावीकडे-उजवीकडे झुकवत होती आणि लहान मुलीसारखी हसत होती. बाई त्यांच्याकडे पाहत होत्या. लिफ्ट चालू झाली की खिडकीपासून चौथी फरशी बोलते आणि पाचवी बोलत नाही, हे त्यांना दोन वर्षांपासून ठाऊक होते. हे वयाचे खेळ असतील, असे त्या समजत होत्या.

"पेटीची जागा चुकली," जावईबापूंनी निदान केले. "आता एकच उपाय. उलटं करायचं. पेटी श्रोत्याच्या जागी ठेवायची, आणि श्रोत्यांनी पेटीसारखं जमिनीलगत राहून खोलीभर रांगायचं. जिथे खर्ज सगळ्यात भरदार लागेल, ती पेटीची जागा."

"म्हणजे पेटी आईंच्या खुर्चीवर?" सूनबाईने बाईंकडे तोंड करून सावकाश विचारले.

बाईंनी खुर्चीकडे पाहिले, पेटीकडे पाहिले. "ठेवा," त्या म्हणाल्या. "पण मी रांगणार नाही. मी शेवटची रांगले, तेव्हा मला बोलताही येत नव्हतं."

पेटी खुर्चीवर चढली. यंत्रातून अखंड, खोल गुंजारव सुरू झाला. आणि जमीनमोजणी खात्याचा अधिकारी, औषधांचे व्यापारी आणि ग्रंथपाल असे तिघे जमिनीला कान लावून, ढुंगणे वर करून खोलीभर फिरू लागले. वाटेत दोघांची डोकी आपटत, मग "तुम्ही पुढे," "नाही, तुम्ही पुढे," असा शिष्टाचार चाले.

"दारात वकीलसाहेब आले आहेत," बाई एकदम म्हणाल्या.

"कुठे? बेल नाही वाजली."

"काठी वाजली."

या गडगडाटात कुणालाच काही ऐकू आले नव्हते. सूनबाईने दार उघडले, तर खरेच खालच्या मजल्यावरचे निवृत्त वकील काठी टेकून उभे होते. मुलगा आणि जावईबापू जमिनीवरूनच एकमेकांकडे पाहू लागले. एवढ्या आवाजात, बंद दाराबाहेरची काठी!

वकिलांनी आत नजर टाकली. बाईंच्या सुप्रसिद्ध खुर्चीवर एक काळी पेटी विराजमान होती. तिच्यापुढे दोन कर्ते पुरुष चार पायांवर होते. आणि बाई बाजूला उभ्या होत्या.

"बाई," वकील हादरून म्हणाले, "तुम्हाला काढून टाकलं की काय?"

"तात्पुरता पदभार दिलाय. तक्रार सांगा."

"तक्रार अशी, की माझ्या छताचा दिवा तासाभरापासून मला काहीतरी सांगतोय, आणि मला ते कळत नाही." त्यांनी पुन्हा खाली पाहिले. "ही मंडळी काय शोधतायत?"

त्यांना सगळे सांगण्यात आले. आपले गुडघे दहा वर्षे वाकलेले नाहीत, असे वकिलांनी आधी निक्षून सांगितले. मग एका फरशीवरून दुसरीवर जाताना आवाज आपोआप फुगतो हे उभ्यानेच अनुभवले, काठी भिंतीला टेकवली, आणि पुढची वीस मिनिटे सर्वांत उत्साहाने तेच रांगले.

शेवटी मते पडली. मुलाच्या नकाशाप्रमाणे पेटी खिडकीखाली हवी होती. जावईबापूंच्या मते सोफ्यामागे. वकिलांना जी जागा आवडली, ती नेमकी त्यांच्या न्हाणीघराच्या वर येत होती.

"हे मत नाही, ही सोय आहे," जावईबापू भडकले.

"आणि सोफ्यामागे का हो? तुम्ही तिथेच बसता म्हणून?" मुलगा म्हणाला.

"नकाशा बघून ऐकणाऱ्याने बोलू नये!"

"थांबा, थांबा," जावईबापूंनीच तोडगा काढला. "डोळे उघडे असले की माणूस सोयीची जागा ऐकतो. एकेकाने डोळे मिटून चालायचं. समोर भिंत आली आणि मी 'थांबा' म्हणालो की थांबायचं. पहिला मान आईंचा. दुकानात त्यांनीच निवड केली होती ना? आता होऊन जाऊ दे परीक्षा."

त्या शेवटच्या वाक्यात जावईबापूंची कालची सल होती. बाईंनी ती ओळखली. पण त्या घाबरल्या त्या वेगळ्या कारणाने. आजवर डोळ्यांच्या जोरावर त्यांनी हे राज्य राखले होते. डोळे मिटले, की कुणी हाक मारली, कुणी हसले, कुणी 'थांबा' म्हणाले, तरी त्यांना कळणार नव्हते. भर सभेत त्या भिंतीवर जाऊन आदळणार, आणि मग सगळ्यांना सगळे कळणार.

"मी थांबेन तिथे थांबेन," त्या म्हणाल्या. "मला कुणी 'थांबा' म्हणायचं नाही. आजवर म्हटलेलं नाही."

त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या आणि डोळे मिटले.

आधी फक्त अंधार होता. मग पायांखालून तो आला. पहिल्या फरशीवर दबका, दुसरीवर मोठा, तिसरीवर भलताच फुगलेला. बाई तिथे थांबल्या नाहीत. जो नुसताच मोठा, तो खरा नव्हे, हे त्या शाळेत शिकल्या होत्या. त्या पुढे गेल्या. एक दरी लागली, पार थंडगार. पुन्हा चढ. चालता चालता त्यांना कळेना, की आपण खोलीत आहोत की एखाद्या अफाट प्राण्याच्या पाठीवर; त्याचा श्वास त्यांच्या घोट्यांशी येत होता, जात होता. भीती कधी गेली ते त्यांना समजले नाही. एवढे मोठे काहीतरी जगात इतक्या जवळ होते, आणि ते कुलूपबंद मजल्यांकडे न फिरकता थेट त्यांच्या उघड्या दारी आले होते.

"वकीलसाहेब, बाजूला व्हा," त्या डोळे मिटूनच म्हणाल्या. चवड्यांवर मागे सरकणारे वकील जागच्या जागी गोठले.

आणखी चार पावलांवर बाई थांबल्या. इथे काहीच फुगत नव्हते आणि काहीच बुडत नव्हते. शाळेतली प्रार्थना शेवटच्या रांगेपर्यंत एकसारखी पोहोचावी, तसे.

"इथे," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी डोळे उघडले. त्या चपलांच्या मांडणीजवळ उभ्या होत्या.

"इथे? चपलांत?" जावईबापूंनी नाक मुरडत आवाज मोजायचे छोटे यंत्र पुढे धरले आणि मुलाला एकेक सूर सोडायला सांगितले. पहिला सूर, दुसरा, पाचवा, नववा. यंत्रावरचा काटा हलायला तयार नव्हता. जावईबापूंनी ते दोनदा झटकून पाहिले. "सगळे सारखे," ते पुटपुटले. "एकही कमी नाही, एकही जास्त नाही. असं कधी... असं व्हिडिओतसुद्धा होत नाही."

चपलांची मांडणी हलली, पेटी तिथे गेली, बाईंची खुर्ची बाईंना परत मिळाली. यंत्राने दोन मिनिटांच्या मंजूर शांततेत खोली पुन्हा मोजली आणि सांगितले, सबवूफर साडेअकरा मीटर. मुलाचा हात सवयीने टेपकडे गेला.

"ठेव ती खाली," बाई म्हणाल्या. "तो आकडा लांबीचा नाही, पेटीला बोलायला लागणाऱ्या उशिराचा आहे. काही मुलं पहिल्या बाकावर बसतात, पण त्यांचं उत्तर शेवटच्या बाकावरून आल्यासारखं येतं. शहाण्या शिक्षकाने तेवढी वाट पाहायची असते. तू जमीन मोज."

जावईबापूंनी वहीत हे वाक्य लिहून घेतले.

वादळ पुन्हा सुरू झाले. पहिली लाट फुटली, तेव्हा कुणी 'वा' म्हणाले नाही. खर्ज जमिनीतून उगवला आणि खोली त्यात बुडाली. वकिलांनी सोफ्याचा हात धरला. मुलाचे तोंड उघडे राहिले. बाईंच्या तळपायांतून समुद्र चढत गेला, गुडघ्यांपर्यंत, छातीपर्यंत, कपाळापर्यंत. आणि त्या निश्चल बसून राहिल्या, जणू कुणीतरी फार मोठे माणूस भेटीला आले आहे आणि त्याच्यासमोर हालचाल करणे बरे दिसणार नाही.

मध्यंतरात कौतुकाचा पूर आला.

"कान असावेत तर असे!" वकील म्हणाले. "माझ्या फ्रीजमध्ये एक घरघर आहे, बाई. तीन मेकॅनिक हरले. तुम्ही फक्त एकदा येऊन ऐका."

जावईबापूंनी दुकानदाराला फोन लावून साग्रसंगीत वृत्तांत दिला होता. फोन छातीशी धरून ते बाईंच्या समोर अदबीने वाकले. "आई, त्यांनी विचारलंय, आठवड्यातून एक दिवस दुकानात याल का? पेट्या ऐकून द्यायला. तज्ज्ञ म्हणून."

बाईंनी एकदाच, सावकाश मान हलवली.

वादळ पुन्हा चालू झाले आणि पुरुष मंडळी पडद्यात विरघळून गेली. सूनबाई बाईंच्या समोर येऊन उभी राहिली, खिडकीचा उजेड चेहऱ्यावर पडेल अशी. तिचे ओठ हलले. आई, खिडकी लावून घेऊ का?

"लाव. वारा येतोय," बाई म्हणाल्या.

सूनबाई जागची हलली नाही. मग तिने पुन्हा तोंड उघडले, आणि या वेळी तिच्या गळ्याची शीर हलताना दिसली.

"आई, मघाशी मी आवाज काढलाच नव्हता."

बाईंनी पुरुषांकडे पाहिले. तिघांच्या पाठी होत्या. त्यांनी सुनेकडे पाहिले.

"ते मला कसं कळणार?" त्या म्हणाल्या.

सूनबाईला हसू आवरेना. बाईंचेही ओठ जरा हलले. "कधीपासून ठाऊक आहे तुला?"

"दीड वर्ष झालं."

"कुणाला बोललीस?"

"नाही."

"का नाही?"

"तुम्ही बोलला नव्हतात म्हणून."

दीड वर्ष ही मुलगी प्रत्येक गोष्ट सांगायला उजेडात, त्यांच्या समोर येऊन उभी राहत होती. तिने कधी ओरडून सांगितले नव्हते, कधी थोडक्यात सांगितले नव्हते, कधी सांगायचे टाळले नव्हते. हा आपल्या शिस्तीचा परिणाम आहे, असे बाई आजवर समजत आल्या होत्या. समोर समुद्र फुटत होता, पण त्या सुनेच्याच चेहऱ्याकडे पाहत राहिल्या.

"मंगळवारी सुट्टी घे," त्या म्हणाल्या. "कानांच्या डॉक्टरांकडे जाऊ. यांच्यापैकी कुणाला कळता कामा नये."

"विचारतील ना ते. काय सांगू?"

बाईंनी पदर सारखा केला आणि पाठ ताठ करून बसल्या.

"सांग, दुकानात पेट्या ऐकायला गेल्यात."